सरलेला सूर, साठवलेली फीत

रॉक कॉन्सर्टच्या चित्रफिती जमवणारा नेमके काय जमवतो, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. नाणी जमवणाऱ्याच्या पेटीत नाणीच असतात. कॉन्सर्ट मात्र वस्तू नाही. ती एका संध्याकाळी, एका जागी घडते आणि संपते. संग्राहकाच्या कपाटात येते ती त्या घडण्यामुळे कुठल्याशा पट्टीवर उमटलेली खूण. तरी संग्राहकांच्या बोलण्यात खुणेचा उल्लेख क्वचितच असतो. ‘माझ्याकडे सत्तर सालचा अल्बर्ट हॉल आहे’, असेच ते म्हणतात. घडून गेलेली गोष्ट जपता येते, हाती धरता येते आणि दुसऱ्याला देताही येते, असा मोठा दावा या साध्या वाक्यात गृहीत धरलेला असतो. तो तपासायचा तर आधी साहित्य पाहावे लागते. सगळ्या फिती एका जातीच्या नसतात, आणि तात्त्विक चर्चेत नेमके हेच विसरले जाते.

क्लासिक रॉकचा काळ ढोबळमानाने १९६५ ते १९८० असा धरतात. या काळातल्या कॉन्सर्टची चित्रे चार-पाच वाटांनी आजवर पोहोचली. पहिली वाट चित्रपटगृहाची. १९६७ च्या माँटेरी महोत्सवावर डी. ए. पेनेबेकरने आणि १९६९ च्या वुडस्टॉकवर मायकेल वॉडलीने चित्रपट केले. ते रीतसर प्रदर्शित झाले आणि गाजले. दुसरी वाट दूरचित्रवाणीची. जर्मनीत ‘रॉकपालास्ट’ हा कार्यक्रम १९७४ पासून कॉन्सर्ट दाखवू लागला, आणि पुढे एसेनच्या ग्रुगाहालेमधून रात्रभर चालणारी त्याची प्रक्षेपणे युरोपभर पाहिली गेली. ब्रिटनमध्ये मात्र बीबीसीने महागड्या टेप पुन्हा वापरण्यासाठी ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे साठच्या दशकातले बहुतेक भाग पुसून टाकले. संस्था पुसते आणि घरातला हौशी माणूस जपतो, हे या क्षेत्रात वारंवार घडले आहे. तिसरी वाट सभागृहाच्या आतल्या कॅमेऱ्यांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये आणि न्यू जर्सीतल्या पसेइक गावच्या कॅपिटॉल थिएटरमध्ये सत्तरच्या दशकात कृष्णधवल चित्रण होत असे. ते प्रक्षेपणासाठी नसे, पण त्याच्या टेप टिकल्या. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा सप्टेंबर १९७८ चा पसेइकचा कार्यक्रम आज पाहायला मिळतो तो त्यांच्यामुळेच.

उरलेल्या वाटा प्रेक्षकांच्या. कोडॅकने १९६५ मध्ये सुपर-८ फिल्म बाजारात आणली. तिच्या एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म मावे. सेकंदाला १८ फ्रेम या वेगाने ती तीन मिनिटे वीस सेकंदांत संपे, आणि सुरुवातीची काही वर्षे तिच्यावर आवाज उमटतच नसे. अडीच-तीन तासांच्या कार्यक्रमातून कोणाच्या तरी कोटाच्या खिशातून अशी दोन-तीन मुकी कार्ट्रिजे बाहेर पडत. ऐंशीच्या दशकात घरगुती व्हिडिओ कॅमेरे आले आणि संपूर्ण कार्यक्रम टिपणे शक्य झाले. पण व्हीएचएस टेपची नक्कल दर वेळी मूळ टेपपेक्षा पुसट निघते. म्हणून संग्राहक ‘पिढी’ मोजतात. मूळ टेप म्हणजे मास्टर, तिच्यावरून केलेली पहिली पिढी, तिच्यावरून दुसरी. पाचव्या-सहाव्या पिढीत गिटारवादकाचा चेहरा म्हणजे हलणारा पांढरा डाग होतो. तरी ती फीत कोणी फेकत नाही.

घटना टिकते की विरते, हा वाद भारतीय दर्शनांत शब्दाच्या, म्हणजेच ध्वनीच्या, निमित्ताने फार बारकाईने झाला. मीमांसकांचे म्हणणे असे की शब्द नित्य आहे. उच्चाराने तो जन्मत नाही, फक्त प्रकट होतो. त्यांचा मुख्य आधार प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख. काल ऐकलेला ‘ग’ आणि आज ऐकलेला ‘ग’ हे दोन वेगळे ‘ग’ आहेत असे कोणालाच वाटत नाही, ‘तोच हा’ असेच वाटते. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते शब्द उत्पन्न होतो आणि क्षणात नष्ट होतो. ‘तोच हा’ ही ओळख निव्वळ सारखेपणामुळे होते. वादामागचा मीमांसकांचा हेतू वेदांचे नित्यत्व राखण्याचा होता, त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारशी त्याचा संबंध जोडणे काहींना अगोचर वाटेल. पण युक्तिवादाची बांधणी इथे जशीच्या तशी लागू पडते.

संग्राहक बोलण्यात मीमांसक असतो. त्याच्या दृष्टीने ९ जानेवारी १९७० ची रॉयल अल्बर्ट हॉलमधली लेड झेपेलिनची कॉन्सर्ट कुठेतरी आहेच. फीत लावली की ती प्रकट होते, काढली की अप्रकट होते. पीटर व्हाइटहेड आणि स्टॅन्ली डॉर्फमन यांनी केलेले ते चित्रण अधिकृतपणे २००३ मध्ये डीव्हीडीवर आले. मधली ३३ वर्षे ते ‘नव्हते’ असे कोणी म्हणत नाही, ‘बाहेर आले नव्हते’ असे म्हणतात. नैयायिक यावर म्हणेल की फीत होती, कॉन्सर्ट नव्हती. न्याय-वैशेषिकांनी अभावाचे प्रकार पाडले आहेत, त्यांतला प्रध्वंसाभाव इथे नेमका बसतो. वस्तू नष्ट झाल्यावर जो अभाव सुरू होतो त्याला आरंभ असतो, अंत नसतो. फुटलेल्या घटासारखा दुसरा घट करता येईल, पण त्यामुळे पहिल्या घटाचा अभाव संपत नाही. अल्बर्ट हॉलमधली ती रात्र संपली त्या क्षणी तिचा अभाव सुरू झाला, आणि कितीही सुंदर प्रत काढली तरी तो चालूच राहतो.

इथवर नैयायिकाचे पारडे जड दिसते. पण त्याच्याच सिद्धांताचा पुढचा भाग वादाला वेगळे वळण देतो. शब्द क्षणात नष्ट होतो, तर दूर बसलेल्याला तो ऐकू कसा येतो? न्यायाचे उत्तर असे की पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देऊन नष्ट होतो, दुसरा तिसऱ्याला, आणि अशी साखळी पाण्यावरच्या तरंगांप्रमाणे कानापर्यंत पोहोचते. याला वीचितरंगन्याय म्हणतात. श्रोत्याच्या कानी पडतो तो साखळीतला शेवटचा शब्द, पहिला नव्हे. म्हणजे कॉन्सर्टला जातीने हजर असलेल्यानेही मूळ ध्वनी ऐकलेला नसतो, त्याचा वंशज ऐकलेला असतो. रॉकच्या बाबतीत ही साखळी आणखी लांबते. तार छेडली की गिटारच्या पिकअपमध्ये वीज निर्माण होते, ती अॅम्प्लिफायरमधून स्पीकरला जाते, तिथून मायक्रोफोनला, मिक्सरला, पुन्हा मोठ्या स्पीकरच्या भिंतीला, आणि तिथून मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला. त्याच्या हातातल्या टेपरेकॉर्डरने या साखळीत एक कडी वाढवली, एवढेच. संग्राहकांचे ‘पिढ्या’ मोजणे आणि नैयायिकांची शब्दसंतती यांत तत्त्वतः फरक करणे अवघड आहे. हजर असणारा आणि फीत पाहणारा यांच्यातला भेद म्हणूनच अंतराचा ठरतो. दोघेही एकाच साखळीवर, कमी-जास्त लांब उभे असतात.

या निष्कर्षाला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमचे उदाहरण फार बोलके आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्सनी तिथे सुमारे ५५,००० लोकांसमोर गायन-वादन केले. किंकाळ्या इतक्या होत्या की वादकांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता, मग प्रेक्षकांना काय येणार? त्या संध्याकाळचे चित्रण झाले, पण आवाजाची अवस्था पाहून जानेवारी १९६६ मध्ये बीटल्सनी लंडनच्या स्टुडिओत काही भाग पुन्हा वाजवून चित्रावर चढवला. म्हणजे जे मैदानात होते त्यांनी संगीत धड ऐकले नाही, आणि ज्यांनी धड ऐकले त्यांनी त्या संध्याकाळचे ऐकले नाही. यांपैकी कोणाकडे ती कॉन्सर्ट ‘आहे’?

लेड झेपेलिनच्या ‘द साँग रिमेन्स द सेम’ या १९७६ च्या चित्रपटात गुंता आणखी वाढतो. जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सलग तीन रात्री चित्रण झाले. नंतर लक्षात आले की काही गाण्यांचे दुवे जुळतच नाहीत. मग १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत मंचाची नक्कल उभारून उरलेले भाग टिपले गेले. बासवादक जॉन पॉल जोन्सने दरम्यान केस कापले होते, त्यामुळे त्याला टोप घालावा लागला. पडद्यावर दिसणारी कॉन्सर्ट अशा रीतीने कोणत्याही एका रात्री घडलेलीच नाही. पिंक फ्लॉइडचे ‘लाइव्ह अॅट पॉम्पेई’ याही पुढे जाते. ऑक्टोबर १९७१ मध्ये एड्रियन माबेनने ते रोमन रंगमंडलात टिपले, तेही प्रेक्षकांविना, आणि काही भाग नंतर पॅरिसच्या स्टुडिओत. दगडी पायऱ्या रिकाम्या आहेत आणि चार माणसे कॅमेऱ्यासाठी वाजवताहेत. इथे जपायला आधी कॉन्सर्ट नव्हतीच, चित्रण हीच घटना. (पॉम्पेईची निवड नकळत फार समर्पक झाली. त्या शहरात माणसांची शरीरे राखेत विरून गेली आणि मागे राहिल्या त्या पोकळ्यांत १८६३ पासून प्लास्टर ओतून आकृत्या काढल्या गेल्या. शरीर नाही, पण शरीराने स्वतः केलेला ठसा आहे. चित्रफितीविषयी याहून चांगले सांगता येणे कठीण.)

‘द हू’ या बँडवरचा ‘द किड्स आर ऑलराइट’ हा १९७९ चा चित्रपट संग्राहकाच्या बाजूने सर्वांत महत्त्वाचा. त्याचा दिग्दर्शक जेफ स्टाइन मूळचा चाहता होता. ठिकठिकाणच्या दूरचित्रवाणी केंद्रांतून आणि इतरत्र विखुरलेले तुकडे गोळा करून त्याने चित्रपट रचला. संग्रहात दोन गाण्यांचे मनासारखे चित्रण नव्हते, म्हणून २५ मे १९७८ रोजी शेपर्टनमध्येच खास निमंत्रित प्रेक्षकांसमोर बँडला वाजवायला लावले. सप्टेंबरात ड्रमवादक कीथ मून वारला, आणि ती त्याची अखेरची कॉन्सर्ट ठरली. घटना आधी आणि नोंद नंतर, हा नेहमीचा क्रम इथे उलटला. संग्रहात जागा रिकामी होती म्हणून घटना घडवली गेली.

अमेरिकन तत्त्वज्ञ थिओडोर ग्रेसिक याने १९९६ मध्ये मांडलेली भूमिका अशा उदाहरणांना आधार देते. त्याच्या मते रॉकमधली मूळ कलाकृती म्हणजे मुद्रित ध्वनीच. गाण्याची चाल आणि शब्द हा कच्चा आराखडा, आणि मंचावरचे वादन हा त्या मुद्रणाचा एक पाठ. शास्त्रीय संगीतात मैफल ही मूळ आणि मुद्रण तिची सावली मानतात, रॉकमध्ये नाते उलटे. ग्रेसिकचे म्हणणे स्टुडिओतल्या अल्बमपुरते पटते. पण संग्राहकांचे वागणे त्याला पुरते जुमानत नाही. अल्बम सर्वांकडे असतोच. माणसे पाचव्या पिढीची धुरकट टेप शोधत हिंडतात ती अल्बमहून वेगळे काहीतरी त्या रात्री घडले म्हणून. चुकलेला सूर, लांबलेले सोलो, मध्येच तुटलेली तार यांसाठी. कलाकृती त्यांना आधीच मिळालेली असते. त्यांना हवी असते ती घटना.

आणि घटना हवी असेल, तर प्रश्न सौंदर्यशास्त्राचा न राहता प्रमाणशास्त्राचा होतो. फितीतून कॉन्सर्ट पुन्हा अनुभवता येते का, हा प्रश्न बाजूला ठेवून फितीवरून कॉन्सर्टविषयी काय कळते आणि ते कितपत विश्वासार्ह आहे, हे विचारावे लागते. संग्रहाचे खरे मूल्य इथेच सापडते. पुनरनुभवाचा दावा वर पाहिलेल्या अडचणींपुढे टिकत नाही. साक्षीचा दावा टिकतो.

फीत कोणत्या प्रमाणात, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनात, मोडते? तत्त्वज्ञ केंडल वॉल्टन याने १९८४ मध्ये असा युक्तिवाद केला की छायाचित्र पारदर्शक असते. चष्म्यातून किंवा दुर्बिणीतून पाहावे तसे आपण त्यातून खरोखर ती वस्तूच पाहतो, फक्त काळाच्या पलीकडून. हे मानले तर फीत पाहणे हे प्रत्यक्षच. न्यायाला ते मान्य होणार नाही, कारण प्रत्यक्षात इंद्रियाचा विषयाशी संनिकर्ष, म्हणजे संपर्क, लागतो आणि विषय तर केव्हाच नष्ट झाला. नैयायिक फितीला हेतू म्हणेल. धुरावरून अग्नी, तशी फितीवरून कॉन्सर्ट, म्हणजे अनुमान. शिवाय टेपच्या पाठीवर कोणीतरी लिहिलेले गाव आणि तारीख असते. ते शब्दप्रमाण, आणि त्याची किंमत लिहिणाऱ्याच्या आप्तपणाइतकी, म्हणजे विश्वासार्हतेइतकी. टेपवर चुकीची तारीख असणे ही संग्राहकांच्या जगातली रोजची डोकेदुखी आहे. मग शर्टाचा रंग, गाण्यांचा क्रम, ड्रमवरची अक्षरे, मागचा पडदा यांवरून खरी रात्र ठरवली जाते. हे काम करणारे लोक ताम्रपटाचा काळ ठरवणाऱ्याइतकेच काटेकोर असतात, आणि भांडतातही तितकेच.

अनुमान म्हटले की हेत्वाभास, म्हणजे फसवा हेतू, आलाच. मुक्या सुपर-८ फितीला त्याच रात्रीच्या कोणा दुसऱ्याने केलेल्या ध्वनिमुद्रणाशी जुळवण्याची कला अलीकडे बरीच पुढे गेली आहे. फितीचा वेग स्थिर नसतो, म्हणून ड्रमवर पडणारी काठी आणि तिचा आवाज फ्रेमगणिक जुळवतात. परिणाम थक्क करणारा असतो. पण असे जोडकाम प्रत्येक वेळी एकाच रात्रीचे असते असे नाही. २००३ च्या झेपेलिन डीव्हीडीतच ‘इमिग्रंट साँग’चे चित्र फेब्रुवारी १९७२ च्या सिडनीचे आणि आवाज जूनमधल्या कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा आहे. पाहणाऱ्याला जे एकसंध दिसते ते दोन खंडांवरच्या दोन रात्रींचे आहे. डीव्हीडी करणाऱ्यांनी ते लपवले नाही, त्यामुळे फसवणूक म्हणता येणार नाही. पण वंशावळ न लिहिता अशी फीत हातोहात फिरू लागली की धुके धूर म्हणून खपते. म्हणूनच चांगले संग्राहक प्रत्येक प्रतीबरोबर तिची वंशावळ देतात. कुठल्या यंत्रावर टिपली, कोणत्या पिढीवरून उतरवली, रंगात किंवा आवाजात काय बदलले. कित्येकांना हा सोपस्कार वाटतो. वास्तविक संग्रहाचे सगळे ज्ञानमूल्य याच चार ओळींवर उभे असते.

यातून एक उलटसुलट प्रतवारी निघते. झळझळीत, अनेक कॅमेऱ्यांचा, नंतर दुरुस्त केलेला अधिकृत चित्रपट पाहायला सुखद, पण साक्षीदार म्हणून कच्चा. मागच्या रांगेतून थरथरत्या हाताने घेतलेली सलग फीत डोळ्यांना त्रासदायक, पण तिच्यावर विश्वास ठेवता येतो. ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’च्या चित्रपटात हे दोन्ही गुण एका प्रसंगापुरते एकत्र आले आहेत. १ ऑगस्ट १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्ला रखा यांनी वाद्ये लावली, आणि श्रोत्यांनी ते वादन समजून टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी त्यावर मिश्किल शेरा मारला. संकलकाने हा भाग कापला असता तर संगीताचे काही बिघडले नसते. पण त्या सभागृहात कोण बसले होते आणि त्यांना काय ठाऊक नव्हते, हे कळायला मार्ग राहिला नसता.

साक्ष हा शब्द एका ठिकाणी अक्षरशः खरा ठरला. ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट येथे रोलिंग स्टोन्सच्या विनामूल्य कॉन्सर्टमध्ये मंचाजवळ मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या तरुणाला भोसकले गेले. चित्रपटकार मेझल्स बंधूंच्या कॅमेऱ्यांपैकी एकाने ते टिपले. खटल्यात ज्यूरीने ती फिल्म पाहिली. तीत हंटरच्या हातात पिस्तूल दिसत होते, आणि आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला. ‘गिमी शेल्टर’ या १९७० च्या चित्रपटात मिक जॅगर संकलनाच्या टेबलाशी बसून तोच तुकडा पाहताना दिसतो. गाताना त्याला जे नीट कळले नव्हते ते त्याला फितीवरून कळते. मंचावर सर्वांत जवळ असणाराच फितीवर अवलंबून आहे. ही फीत संग्रहात ठेवणे आणि फुरसतीत पाहणे याचे नैतिक वजन बाकीच्या फितींहून वेगळे आहे. एका माणसाचा मृत्यू गाण्यांच्या मधोमध ‘दुर्मीळ चित्रण’ म्हणून मांडला जातो तेव्हा साक्षीचे मनोरंजन झालेले असते.

फिती स्मरणासाठी जमवतात, हा मुद्दा इथेच निकालात काढता येतो. आज या फिती जमवणाऱ्यांतले पुष्कळजण त्या काळी जन्मलेलेही नव्हते. स्मृतीला पूर्वीचा अनुभव लागतो, आणि तो त्यांच्याकडे नाही. हजर असलेल्यांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. वुडस्टॉकच्या शेवटी जिमी हेन्ड्रिक्स वाजवायला उभा राहिला तो सोमवारी, १८ ऑगस्टच्या सकाळी. लाखोंच्या गर्दीतले बहुतेक लोक तोवर घरी निघून गेले होते. त्या सकाळचे जे चित्र जगाच्या मनात आहे ते जवळजवळ सर्वस्वी चित्रपटाने घातलेले आहे. फीत इथे स्मृतीला मदत करत नाही, तिची जागा घेते.

संग्राहकांच्या वागण्यात धार्मिक छटा दिसते, ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नाही. पाली परंपरेत पूज्य अवशेषांचे तीन वर्ग सांगितले आहेत. शारीरिक म्हणजे देहाचे, पारिभोगिक म्हणजे वापरातल्या वस्तूंचे, आणि उद्देशिक म्हणजे आठवण करून देणाऱ्या प्रतिमांचे. लिलावात विकली जाणारी गिटार पारिभोगिक, भित्तिचित्र उद्देशिक. चित्रफीत मात्र कोणत्याच खणात नीट बसत नाही. ती प्रतिमा आहे, पण चित्रकाराने कल्पनेने काढलेली नव्हे. गायकाच्या अंगावरून परतलेला प्रकाश प्रत्यक्ष त्या फिल्मवर पडला होता. या अर्थी ती देहाला स्पर्श केलेली वस्तू आहे. सुपर-८ च्या मूळ रिळाबद्दल वाटणारा आदर याच स्पर्शातून येतो, आणि त्याची संगणकावरची तंतोतंत प्रत तो आदर मिळवत नाही. विचारवंत वॉल्टर बेन्यामिनने १९३६ मध्ये म्हटले होते की यांत्रिक प्रतींमुळे कलाकृतीचे ‘इथे आणि आत्ता’पण क्षीण होते. त्याला अपेक्षित नसलेली गोष्ट अशी की प्रतींच्या जगात मास्टर टेपलाच नवे वलय चढले.

आदर आणि आसक्ती यांतली रेघ पुसट असते. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. त्या कसोटीला हजार फिती जमवून मागेल त्याला देणारा अपरिग्रही ठरू शकतो, आणि एकच दुर्मीळ फीत दडवून बसणारा परिग्रही. अशी दडवणूक या जगात खरोखर होते. आपल्याकडची फीत बाहेर पडली की तिचे मोल जाईल, या भीतीने ती वर्षानुवर्षे कोणालाच दाखवली जात नाही, आणि तेवढ्या काळात टेपचे लेपन झडत राहते. पतंजलीने अपरिग्रहाचे फळ सांगताना एक चकित करणारी गोष्ट लिहिली आहे. अपरिग्रहात स्थिर झालेल्याला आपल्या पूर्वजन्मांचे ज्ञान होते. भूतकाळ कळण्याचा संबंध त्याने साठवण्याशी नव्हे, सोडण्याशी जोडला. संग्राहकाची सारी धडपड नेमक्या उलट गृहीतावर चालते.

सोडून देण्याचा एक व्यवहार्य नमुना ग्रेटफुल डेड या बँडभोवती उभा राहिला. त्यांनी ध्वनिमुद्रणाला आडकाठी केली नाही, आणि १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी प्रेक्षागारात वेगळी जागाच ठेवली. अट एवढीच की टेपचे पैसे घ्यायचे नाहीत. देवाणघेवाण टेपच्या बदल्यात टेप अशी, किंवा कोऱ्या टेपा आणि टपालखर्च पाठवून. बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया याची भूमिका अशी की वाजवून झाले की आपले काम झाले, पुढे ते ऐकणाऱ्यांचे. कर्मफलत्यागाशी याचे साम्य दिसते, मात्र तिकिटाचे पैसे आधीच जमा झालेले असत हेही ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात शास्त्रीय संगीताच्या खासगी बैठकींची स्पूल आणि कॅसेटवरची मुद्रणे रसिकांमध्ये अशीच हातोहात फिरली. तिथेही विकणारा माणूस मंडळींच्या मनातून उतरे.

या उदारपणाला विरोध करणारी बाजूही विचारपूर्वक आलेली आहे. किंग क्रिमझनचा रॉबर्ट फ्रिप १९७५-७६ मध्ये इंग्लंडमधल्या शेरबोर्न हाउस येथे, गुर्जिएफच्या परंपरेतल्या जे. जी. बेनेट यांनी स्थापलेल्या संस्थेत राहिला होता. अवधानाची साधना हा त्या परंपरेचा गाभा. कॉन्सर्टमध्ये फोटो आणि मुद्रण यांना फ्रिप कसून विरोध करत आला तो नुसत्या हक्कासाठी नव्हे. त्याच्या मते संगीत हे वाजवणारा आणि ऐकणारा यांच्या एकाग्र उपस्थितीत घडते, आणि यंत्र रोखून बसलेला माणूस तिथे उपस्थितच नसतो. २०१४ नंतरच्या दौऱ्यांत बासवादक टोनी लेविनने शेवटी स्वतःचा कॅमेरा उचलला की मगच प्रेक्षकांना फोटो काढायची मुभा असे. दुसरीकडे फ्रिपच्याच कंपनीने किंग क्रिमझनच्या जुन्या कॉन्सर्टची मुद्रणे मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध केली. यात विसंगती आहे असे म्हणता येईल, पण ती पूर्ण नाही. टिपण्याचा क्षण आणि टिपलेले वाटण्याचा क्षण वेगळे आहेत. पहिल्यात हजर असणाऱ्याचे अवधान पणाला लागते, दुसऱ्यात काहीच लागत नाही. संग्राहकाच्या नैतिक स्थितीतली अडचण हीच आहे. त्याच्याकडचा प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी अर्धवट उपस्थितीची किंमत मोजून आलेला असतो.

कायद्याने हा प्रश्न अवधानाचा न मानता संमतीचा मानला. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ३८ अन्वये कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. सुरुवातीला तो २५ वर्षांचा होता, १९९९ मध्ये ५० वर्षांचा झाला. अमेरिकेनेही १९९४ मध्येच विनासंमती मुद्रणाविरुद्ध तरतूद केली. म्हणजे गुपचूप टिपलेल्या फितीवर दोन दावे राहतात. प्रतिमा टिपणाऱ्याचा हात आणि टिपली गेलेल्याची संमती. व्यवहारात बँड बहुधा विनामूल्य देवाणघेवाणीकडे काणाडोळा करतात आणि विक्री करणाऱ्यांच्या मागे लागतात. साक्ष म्हणून पाहिले तर ही विभागणी समजण्याजोगी आहे. साक्षीदाराने पैसे घेतले की त्याचे आप्तत्व संशयास्पद होते.

विनामूल्य वाटपालाही मर्यादा आहेत, हे नोव्हेंबर २००५ मध्ये दिसले. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने लाइव्ह संगीताचा विनामूल्य संग्रह उभारला होता आणि ग्रेटफुल डेडच्या हजारो कॉन्सर्ट त्यावर होत्या. त्या उतरवून घेण्याची सोय बँडकडून अचानक बंद झाली. चाहत्यांनी इतका गहजब केला की आठवड्याभरातच तडजोड झाली. प्रेक्षकांनी स्वतः टिपलेली मुद्रणे पुन्हा उतरवून घेता येऊ लागली, तर बँडच्या मिक्सरवरून थेट घेतलेली फक्त ऐकता येतील असे ठरले. मैदानातल्या माणसाच्या साखळीवर मैदानातल्या माणसाचा हक्क, मंचाच्या साखळीवर मंचाचा. तो संग्रह आजही याच विभागणीने चालतो.